लेखनशंका : थेरपिस्ट नायिका, बेपत्ता माणसं आणि न सांगता येणारी माहिती

रहस्यकादंबरी लिहायला घेतलेल्या वाचकांच्या पत्रांत सध्या एक कथाबीज पुन्हा पुन्हा येतंय. मानसोपचार करणारी व्यक्ती, तिच्याकडे येणारी माणसं एकामागून एक नाहीशी होणं आणि तिचं त्या शोधात ओढलं जाणं. बहुतेकांचं कथानक महाराष्ट्रात घडतं, म्हणून उत्तरं इथला कायदा आणि पोलीस ठाण्याची रीत धरून दिली आहेत.

प्रश्न (सातारा) : माझी नायिका पहिल्या प्रकरणात समुपदेशक आहे, तिसऱ्यात झोपेच्या गोळ्या लिहून देते आणि पुढे सगळे तिला डॉक्टर म्हणतात. हे चालेल का?

चालणार नाही. जाणकार वाचक तिसऱ्या प्रकरणातच पुस्तक मिटेल. गोळ्या लिहून देणारा तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्राचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो, निदानाला हातभार लावतो, थेरपी देतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि औषध लिहिण्याचा अधिकार त्याला नसतो. समुपदेशकांचं शिक्षण एमएपासून पदविकेपर्यंत काहीही असू शकतं.

रहस्यासाठी आमची शिफारस क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची. तिला औषधं लिहिता येत नाहीत, म्हणून तिला एका मानसोपचारतज्ज्ञाशी बांधून घ्यावं लागतं. मग एकाच रुग्णाची माहिती दोन केबिनमध्ये आणि तिसरीकडे औषधाच्या दुकानात राहते. संशयाला जागा आपोआप तयार होते. तिला पीएच.डी. दिलीत तर लोकांनी डॉक्टर म्हणायलाही हरकत नाही, फक्त ते एका वाक्यात आधी सांगून ठेवा.

प्रश्न (ठाणे) : चौथ्या प्रकरणात पोलीस निरीक्षक येऊन बेपत्ता तरुणाची फाईल मागतात. नायिकेनं दिली तर रहस्य संपतं, नाही दिली तर ती उगाच अडून बसलेली वाटते. कायद्यानं तिनं काय करायला हवं?

तुम्हाला जी अडचण वाटते आहे, तोच या कादंबरीचा कणा आहे. तिला माहीत आहे आणि सांगता येत नाही, एवढ्यावर दोनशे पानं उभी राहतात. फक्त ‘सांगता येत नाही’ म्हणजे नेमकं काय, हे लेखकाला पक्कं ठाऊक हवं.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ नुसार उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. याला अपवाद आहेत. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला किंवा उपचारात सहभागी असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाला माहिती देता येते. दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल, जिवाला धोका असेल, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल किंवा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशांचा आदेश असेल, तरीही देता येते. पण इजा टाळण्यासाठी माहिती देताना त्या इजेपासून वाचवायला लागेल तेवढीच द्यायची. ‘तेवढीच’ हा शब्द तुमच्या नायिकेची झोप उडवणारा आहे. संपूर्ण फाईल द्यायची नाही, पण एखादा पत्ता, एखादं नाव? कुठे थांबायचं हे तिनं एकटीनं ठरवायचं असतं.

नाटकी लेखनात इथे एक ढोबळ चूक होते. नायिका कोर्टात उभी राहून ‘माझ्या रुग्णाचं गुपित मी सांगणार नाही’ म्हणते आणि न्यायाधीश मान डोलावतात. आपल्या पुराव्याच्या कायद्यात असं संरक्षण वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला आहे, पती-पत्नींमधल्या बोलण्याला आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या बोलण्याला नाही. साक्षीदार म्हणून न्यायालयानं विचारलं तर तिला उत्तर द्यावं लागतं. ती फार तर बंद दालनात साक्ष घ्यावी किंवा नोंदी सीलबंद लिफाफ्यात घ्याव्यात अशी विनंती करू शकते.

म्हणून फाईलची मागणी तीन पायऱ्यांत चढवा. आधी हवालदार येऊन तोंडी विचारतो. तिला नम्रपणे नाही म्हणता येतं. मग पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा कागदपत्रं हजर करण्याचा लेखी आदेश येतो. असा आदेश काढायचा अधिकार त्यांना आहे, तर दुसरीकडे कलम २३ तिला अडवतं. इथे वकिलाला वाद घालायला जागा आहे, आणि ती जागा कादंबरीकाराच्या फार कामाची आहे. शेवटी न्यायालयाचं समन्स. तीन पायऱ्या तीन वेगळ्या प्रकरणांत ठेवल्यात तर ती अडून बसलेली वाटत नाही. दर पायरीला तिची किंमत वाढलेली दिसते.

एक अपवाद विसरू नका. बेपत्ता व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट सेशनमध्ये निघाली असेल, तर पॉक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. अशा ठिकाणी नायिका गप्प बसली तर वाचक तिला माफ करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

नायिकेला एखादा जुना खटला आठवायला हवा असेल, तर तारासॉफ प्रकरण द्या. कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकणाऱ्या प्रोसेनजित पोद्दार या भारतीय विद्यार्थ्यानं विद्यापीठातल्या आपल्या मानसशास्त्रज्ञाला एका तरुणीला मारण्याचा बेत सांगितला. मानसशास्त्रज्ञानं विद्यापीठाच्या पोलिसांना लेखी कळवलं. पोलिसांनी पोद्दारला ताब्यात घेतलं, विचारपूस केली आणि सोडून दिलं. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच काही सांगितलं नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी तातियाना तारासॉफचा खून झाला. धोक्यातल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये दिला. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. आपलं कलम २३ सांगण्याची मुभा देतं, सक्ती करत नाही. मुभा आहे आणि सक्ती नाही, म्हणजे निर्णयाचं ओझं पूर्णपणे तिच्यावर. एवढी चांगली परिस्थिती लेखकाला सहसा आयती मिळत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : माणूस हरवल्यावर पोलीस चोवीस तास थांबतात, मग शोध सुरू होतो, असं मी लिहिलंय. पुढची पद्धत काय असते?

चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही. ठाणे अंमलदारानं ‘बघा दोन दिवस, येईल परत’ म्हणून परत पाठवलं असं दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, पण ती त्याची टाळाटाळ म्हणून दाखवा.

प्रौढ व्यक्तीची मिसिंग, म्हणजे बेपत्ता असल्याची नोंद, दाखल होते. तिला नंबर पडतो, तपास एका अंमलदाराकडे जातो, फोटो आणि वर्णन इतर ठाण्यांना पाठवतात, रुग्णालयं आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या बेवारस मृतदेहांच्या नोंदी ताडून पाहतात. मिसिंग म्हणजे गुन्हा नव्हे, त्यामुळे त्यात फिर्याद नसते आणि आरोपीही नसतो. घातपाताचा संशय दाखवणारं काही हाती लागलं की मग गुन्हा दाखल होतो आणि तपासाचा वेग बदलतो. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर मात्र थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवतात; सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, म्हणून त्यानंतर घडणाऱ्या कथेत ‘कलम ३६३’ लिहू नका, १३७ लिहा. कथा २०१९ मधली असेल तर ३६३ च बरोबर.

मिसिंगच्या वर्णनाची भाषा ठरलेली असते आणि ती तुमच्या फार उपयोगाची आहे. नमुना असा : ‘वय ३४ वर्षे, उंची ५ फूट २ इंच, रंग गहूवर्ण, अंगाने सडपातळ, चेहरा उभट, अंगात निळ्या रंगाचा पंजाबी ड्रेस, पायात चप्पल, मराठी व हिंदी बोलते, राहत्या घरातून कोणास काही एक न सांगता निघून गेली.’ ओळखीची खूण असेल तर तीही त्यात येते. आता समजा, ही स्त्री भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालून सेशनला यायची आणि तिच्या डाव्या मनगटावरचे व्रण फक्त नायिकेनं पाहिले आहेत. वर्णनात व्रणांचा उल्लेख नाही. घरच्यांना ठाऊक नाही, की त्यांनी लपवलं? नायिका वर्तमानपत्र हातात धरून हे वाचते आणि तिला ही गोष्ट कुणालाच सांगता येत नाही. इथे पाठलागाची, किंकाळीची काहीच गरज नाही.

प्रश्न (बेळगाव) : तिघे बेपत्ता, तिघेही नायिकेचेच क्लायंट. पोलिसांना पहिल्याच दिवशी हे समजायला हवं, असं वाचणाऱ्यांनी सांगितलं. दुवा कसा लपवू?

तिघे तीन पोलीस ठाण्यांच्या हद्दीत राहणारे करा. पहिली पायरी एवढीच. मिसिंग तीन वेगवेगळ्या रजिस्टरांत जाते आणि थेरपी घेत असल्याचं घरच्यांनाच माहीत नसतं किंवा सांगायचं नसतं. आपल्याकडे ते अगदी स्वाभाविक आहे, वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

पण खरा दुवा कुठला, याचा विचार जास्त करा. तिन्ही गोष्टी ज्याच्यापर्यंत पोहोचतात असा माणूस कोण? रिसेप्शनवर बसणारी व्यक्ती, नोंदी साठवलेल्या कॉम्प्युटरची देखभाल करणारा, रुग्ण पाठवणारा फॅमिली डॉक्टर, कंपनीच्या कर्मचारी-कल्याण योजनेतून थेरपीचं बिल भरणारा एचआर विभाग. हे सगळे चालतील. आम्हाला सगळ्यांत सशक्त वाटणारा दुवा मात्र नवे लेखक क्वचित वापरतात, तो म्हणजे सुपरव्हिजन. कामाला लागलेले थेरपिस्टही आपल्या अवघड केसेस ज्येष्ठ सहकाऱ्यासमोर मांडतात. नाव सांगायचं नसतं. पण ‘चाळिशीचा, बंदरावर नोकरी, बायको माहेरी गेलेली, शनिवारी एकटाच गडावर जातो’ एवढं सांगितलं की लहान शहरात नाव सांगायला काय उरलं? नायिकेनं सगळे नियम पाळलेत आणि तरीही माहिती तिच्याच तोंडून गेली आहे. हे तिला उमगतं ते प्रकरण कादंबरीच्या मध्यावर ठेवा, शेवटी नको. शेवटी ठेवलंत तर तिला त्याचं काही करता येत नाही.

तिघांहून जास्त माणसं नाहीशी करू नका. चौथ्यापासून वाचकाला चेहरे आठवेनासे होतात.

प्रश्न (पुणे) : मोबाईलच्या काळात माणूस गायब होणार कसा? ‘फोन स्विच ऑफ’ एवढं पुरतं का?

पुरत नाही, कारण फोन बंद झाला की पोलिसांचं काम सुरू होतं. पोलीस सीडीआर, म्हणजे फोन कंपनीकडची कॉलची नोंद, मागवतात. त्यात कुणाला किती वाजता फोन, किती सेकंद आणि कोणत्या टॉवरवरून, हे येतं. दाट वस्तीत एका टॉवरचा आवाका काही शे मीटरचा असतो, मोकळ्या भागात काही किलोमीटरचा. म्हणून ‘लोकेशन मिळालं’ म्हणजे घर सापडलं असं नव्हे. घाटमाथ्यावर तर फोन कधी देशावरचा टॉवर पकडतो, कधी खाली कोकणातला. शोधपथक चुकीच्या बाजूला उतरवायला हे कारण खरंखुरं आहे. सिमकार्ड बदलून तोच हँडसेट वापरला तर आयएमईआय क्रमांकावरून, म्हणजे हँडसेटच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून, तो उघडा पडतो. व्हॉट्सअॅपवरून केलेला कॉल सीडीआरमध्ये नेहमीच्या कॉलसारखा दिसत नाही. याशिवाय यूपीआयचे व्यवहार आणि टोलनाक्यावरचा फास्टॅग आहेच.

सीसीटीव्हीचं चित्रण साधारण पंधरा दिवस ते महिनाभर राहतं, मग त्याच डिस्कवर नवं चित्रण चढतं. सीडीआर मात्र कंपन्यांना दोन वर्षं जपावा लागतो. नायिकेनं तोंड उघडायला तीन आठवडे घेतले आणि तोवर सोसायटीच्या फाटकावरचं चित्रण पुसलं गेलं, तर तिच्या गप्प बसण्याचा परिणाम वाचकाला डोळ्यांनी दिसतो. ठाण्याच्या वाचकांच्या प्रश्नाला हा धागा जोडून पाहा.

प्रश्न (नागपूर) : बेपत्ता स्त्री दोन महिन्यांनी परत येते, तिला काही आठवत नाही. नायिका तिला संमोहित करते आणि गुन्हेगाराचं नाव बाहेर येतं. हा शेवट कसा वाटतो?

पहिला अर्धा भाग ठेवा, दुसरा काढून टाका.

स्मृती हरवून भलत्या गावी सापडणं खरंच घडतं. त्याला डिसोसिएटिव्ह फ्यूग म्हणतात. सर्वांत गाजलेली नोंद एन्सेल बोर्न या अमेरिकन धर्मोपदेशकाची. जानेवारी १८८७ मध्ये त्यानं बँकेतून ५५१ डॉलर काढले आणि तो नाहीसा झाला. पेन्सिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनला ए. जे. ब्राऊन या नावानं त्यानं किरकोळ मालाचं छोटं दुकान थाटलं. १४ मार्चला सकाळी जागा झाला तो घाबरून, आपण कुठे आहोत हेच कळेना. मधल्या काळात शेजाऱ्यांना तो शांत, नीटनेटका दुकानदार वाटला होता. फ्यूगमधला माणूस असा साधा वागतो, हे लक्षात ठेवा. लाल डोळे आणि बदललेला आवाज सिनेमाला सोडून द्या. दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचा खुनी हाही शेवट नको. आजारी माणसांविषयीची भीती त्यानं वाढते आणि जाणत्या वाचकाला तो दुरून ओळखू येतो.

आता संमोहन. त्यानं आठवणी जशाच्या तशा बाहेर येत नाहीत. सूचनेनं नव्या तयार होऊ शकतात आणि त्या माणसाला त्या खऱ्याच वाटतात. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ मधल्या प्रयोगात तर संमोहनही नव्हतं. २४ जणांना लहानपणच्या चार घटना वाचायला दिल्या, त्यातली मॉलमध्ये हरवल्याची घटना बनावट होती. सुमारे पाव लोकांना ती पूर्ण किंवा अंशतः आठवली. नार्को चाचणीचा आधार घ्याल तर सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात ती संमतीशिवाय करता येणार नाही असं सांगितलं आहे.

म्हणजे शेवट उलटा करा. संमोहनात नाव बाहेर येतं, पोलीस त्या माणसाला उचलतात आणि मग नायिकेला सेशनचं रेकॉर्डिंग ऐकताना कळतं की ते नाव आधी तिच्याच प्रश्नात आलं होतं.

बाई सापडते कुठे, यालाही वास्तवाचा आधार द्या. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था अशा माणसांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवते; २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. ज्याची भाषा कुणाला कळत नाही अशा माणसाच्या बोलण्यातून एखाद्या गावाचं, स्टेशनचं नाव वेचून घर शोधायचं, ही कामाची पद्धत तुमच्या तपासाला कुठल्याही गुप्तहेरगिरीपेक्षा जास्त शोभेल.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : माझी सेशनची दृश्यं लांबतात आणि कंटाळवाणी होतात.

सेशन पन्नास मिनिटांचं धरलं तर त्यातलं बोलणं सहा हजार शब्दांच्या घरात जाईल. कादंबरीत त्यातले सहाशे ते नऊशे घ्या. सुरुवातीची विचारपूस गाळा. थेरपिस्टला सल्ले देऊ देऊ नका. ती विचारते, थांबते, समोरच्याचेच शब्द परत त्याच्यापुढे ठेवते. महत्त्वाची गोष्ट बरेचदा शेवटच्या दोन मिनिटांत, उठता उठता निघते, कारण त्यावर आता बोलावं लागणार नाही हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं :

‘पुढच्या मंगळवारी पाचलाच ना?’
‘हो, पाचला.’
‘नसेन कदाचित मी.’ त्यानं दार उघडलं होतं. ‘म्हणजे, गावी जाईन म्हणतोय.’
बाहेर पुढची क्लायंट उभी राहिली होती.

सुगावा असा ठेवा की त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी घडेल आणि वाचकाचं लक्ष तिकडे जाईल. आणि नायिका स्वतः निवेदक असेल तर तिनं एखादी गोष्ट सांगायची राहू द्यावी, पण वाचकाशी खोटं बोलू नये.

प्रश्न (मडगाव) : मी स्वतः समुपदेशक आहे. माझ्याकडे आलेल्या केसेस नावं बदलून वापरू शकते का?

नाही. नाव हा ओळखीचा सर्वांत लहान भाग असतो. गाव, व्यवसाय, भावंडांची संख्या, आजारपणाचा क्रम एवढ्यावरून माणूस स्वतःला ओळखतो, आणि आपण सांगितलेलं छापलं गेलं हे कळल्यावर तो कदाचित पुन्हा कुठल्याच समुपदेशकाकडे जाणार नाही. संमती मागणंही बरोबर नाही, कारण तुमच्याकडे उपचार घेणाऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं. तुमच्या अनुभवातून घ्यायचंच तर खोली घ्या : खुर्च्यांमधलं अंतर, टिश्यूचा डबा कुणाच्या हाताशी ठेवायचा, दोन सेशनमधली दहा मिनिटं, नोट्स लिहिताना गाळलेलं वाक्य. माणसं नवी घडवा.

प्रश्न (रत्नागिरी) : सात वर्षांनी बेपत्ता माणूस आपोआप मृत ठरतो ना? माझ्या खलनायकाचा बेत त्यावरच आहे.

आपोआप ठरत नाही. ज्यांना त्याची खबर लागणं स्वाभाविक होतं, त्यांना सात वर्षं ती लागलेली नसेल, तर तो जिवंत असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम १११ आहे, पूर्वीच्या पुराव्याच्या कायद्यात १०८ होतं. त्यासाठी न्यायालयात जावं लागतं. आणि मुख्य गोष्ट, गृहीत धरलं जातं ते फक्त मरण. तो कधी मेला हे गृहीत धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात हे स्पष्ट केलं. माणूस हरवला त्याच दिवशी मेला असं मानता येत नाही, म्हणून पॉलिसी चालू ठेवायची तर मधल्या काळातले हप्ते भरत राहावे लागतात.

तुमच्या खलनायकाला हे ठाऊक असणार. मग नायिकेला शोधू द्या : बेपत्ता माणसाचे हप्ते सात वर्षं न चुकता कोण भरतंय, आणि पहिला हप्ता मिसिंग दाखल होण्याच्या आधी भरला होता की नंतर.